ध्रुवावरचा सातबारा

एप्रिल २०२४ मध्ये आपल्या टपाल खात्याने अंटार्क्टिकावरच्या 'भारती' या संशोधन केंद्रात नवं पोस्ट ऑफिस उघडलं. त्याला प्रायोगिक पिन मिळाला 'एमएच-१७१८'. यातलं 'एमएच' म्हणजे महाराष्ट्र! अंटार्क्टिकाचं टपाल गोव्यामार्फत जातं आणि गोवा हा टपाल खात्याच्या महाराष्ट्र परिमंडळात मोडतो. याआधी १९८४ मध्ये 'दक्षिण गंगोत्री' केंद्रावर आणि १९९० मध्ये 'मैत्री' केंद्रावर आपलं पोस्ट सुरू झालं होतं.

मित्रांनो, बातमी मजेशीर आहे, पण त्यात एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. पोस्ट ऑफिस देश आपल्या हद्दीत उघडतो. मग 'भारती'खालची जमीन कोणाची? भारताची? नकाशात पाहिलं तर ती जागा ऑस्ट्रेलिया आपली म्हणतं. 'मैत्री' ज्या भागात आहे तो भाग नॉर्वे आपला म्हणतं. तरीही आपल्याला तिथून कुणी उठवत नाही, भाडं मागत नाही, नोटीस पाठवत नाही. असं कसं? हे समजून घ्यायचं तर पर्यावरण, राजकारण आणि मालकी हे तीन विषय एकत्र वाचावे लागतात. सिलॅबसमध्ये 'एन्व्हायर्नमेंटल स्टडीज' नावाचा पेपर असतो, पण तिथे हे प्रकरण येत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

सात दावेदार, एक सातबारा

मी मोहोपाड्याचा. आमच्या भागात लहान पोरालाही सातबारा म्हणजे काय ते ठाऊक असतं. कारखाने आले, एमआयडीसी आली, हायवे आला, त्यामुळे जमिनीचे कागद घराघरात वाचले गेले. मालकाचं नाव, इतर हक्क, फेरफार, वहिवाट हे शब्द आम्ही पाढ्यांसारखे शिकलो. तेच शब्द इथे उपयोगी पडतात.

अंटार्क्टिका म्हणजे साधारण १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर, भारताच्या चौपटीहून मोठा भूखंड. तिथे मूळ रहिवासी कुणीच नाही. १९०८ मध्ये ब्रिटनने त्याच्या एका भागावर हक्क सांगितला. मग १९४० च्या दशकापर्यंत न्यूझीलंड, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया, नॉर्वे, चिली आणि अर्जेंटिना यांनीही आपापले तुकडे जाहीर केले. एकट्या ऑस्ट्रेलियाचा दावा सुमारे ४२ टक्के जमिनीवर आहे! ब्रिटन, चिली आणि अर्जेंटिना यांचे दावे तर एकमेकांवर चढलेले आहेत. म्हणजे एकाच गटनंबरवर तीन मालकांची नावं. उलट 'मेरी बर्ड लँड' नावाचा महाराष्ट्राच्या पाचपट भाग असा आहे की त्यावर कुणीच दावा केलेला नाही.

अमेरिका आणि त्या वेळचा सोव्हिएत युनियन यांनी दावा केला नाही, पण पुढे करण्याचा हक्क राखून ठेवला. शीतयुद्ध चालू होतं. इथेही भांडण पेटलं असतं तर अणुचाचण्यांचं मैदान व्हायला वेळ लागला नसता. सुदैवाने १९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष आलं आणि १२ देशांचे शास्त्रज्ञ तिथे शेजारी शेजारी काम करू लागले. त्याच १२ देशांनी १ डिसेंबर १९५९ रोजी वॉशिंग्टनमध्ये अंटार्क्टिक करारावर सह्या केल्या. २३ जून १९६१ पासून तो लागू झाला.

या कराराचं कलम ४ म्हणजे सगळ्या इमारतीचा पाया. त्याचा अर्थ आपल्या भाषेत सांगायचा तर असा : जुन्या फेरफार नोंदी कुणी मान्यही केलेल्या नाहीत आणि खोडलेल्याही नाहीत. नवीन नोंद मात्र घालायची नाही. आणि करार चालू असताना तिथे कुणी कितीही वर्षं राहिला, घरं बांधली, झेंडे लावले, पोस्ट ऑफिस उघडलं, तरी त्या वहिवाटीने मालकी सिद्ध होणार नाही. थोडक्यात 'जैसे थे'! कोर्टात 'जैसे थे'चा हुकूम निघाला की दोन्ही पक्ष चडफडतात. इथे दावेदारांनी तो स्वतःहून घेतला, कारण कुणालाच हरायचं नव्हतं.

बाकीची कलमं त्यावर उभी आहेत. लष्करी हालचाली बंद, अणुस्फोट बंद, किरणोत्सर्गी कचरा टाकणं बंद. आणि कलम ७ प्रमाणे मताधिकार असलेला कोणताही सदस्य देश दुसऱ्याच्या केंद्राची केव्हाही तपासणी करू शकतो. १९५९ साली अमेरिकेने रशियाला आणि रशियाने अमेरिकेला 'या, आमचं घर उघडून बघा' म्हणणं ही लहान गोष्ट नव्हती.

कसेल त्याची जमीन? नाही, कसेल त्याला मत

आपल्या रायगडात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ असा सहा वर्षं संप केला. नारायण नागू पाटील त्याचे नेते. खोताच्या जमिनी कसायच्याच नाहीत असं कुळांनी ठरवलं. त्या लढ्याच्या वाटेने पुढे कूळकायदा आला आणि 'कसेल त्याची जमीन' हे तत्त्व घरोघरी पोचलं. अंटार्क्टिकावर हे तत्त्व चालत नाही. तिथे कसून जमीन मिळत नाही. पण एक गोष्ट मिळते आणि ती जमिनीपेक्षा मोठी आहे. कलम ९ म्हणतं की करारात नंतर सामील झालेल्या देशाला निर्णयात मत हवं असेल, तर त्याने तिथे भरीव संशोधन करून दाखवलं पाहिजे, उदाहरणार्थ केंद्र उभारणं किंवा मोहीम पाठवणं. म्हणजे जमीन कुणाचीच नाही, पण कसेल त्याला मत!

माझ्या मते ध्रुवीय राजकारणाची किल्ली याच एका वाक्यात आहे. थर्मामीटर, ड्रिलिंग रिग, वेधशाळा ही तिथली शास्त्रीय उपकरणं आहेतच, पण तीच मतदार ओळखपत्रंही आहेत.

भारताची कहाणी बघा. १९५६ मध्ये आणि पुन्हा १९५८ मध्ये भारताने 'अंटार्क्टिकाचा प्रश्न' संयुक्त राष्ट्रांत मांडायचा प्रयत्न केला. म्हणणं साधं होतं, हा खंड शांततेसाठी आणि सगळ्या जगाच्या हितासाठी वापरला जावा. दावेदार देशांना, विशेषतः अर्जेंटिना आणि चिलीला, ते रुचलं नाही आणि आपला प्रस्ताव मागे पडला. १९५९ च्या १२ देशांत आपण नव्हतोच.

मग आपण दुसरा रस्ता धरला. ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली 'पोलर सर्कल' हे भाड्याने घेतलेलं नॉर्वेजियन जहाज गोव्याहून निघालं, तेही फारसा गाजावाजा न करता. ९ जानेवारी १९८२ रोजी आपली माणसं बर्फावर उतरली. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत 'दक्षिण गंगोत्री' उभं राहिलं. त्या मोहिमेत नागपुरात जन्मलेल्या, पुणे विद्यापीठात शिकलेल्या सागरशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत होत्या. त्या आणि भूशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या भारतीय महिला. (मुलींनो, हे नाव व्हायवात नाही विचारणार, तरी लक्षात ठेवा.)

आता तारखांची गंमत बघा. मार्च १९८३ मध्ये दिल्लीत अलिप्त राष्ट्रांची परिषद भरली आणि तिच्या जाहीरनाम्यात अंटार्क्टिकाचा विषय आला. मलेशियासारखे देश म्हणत होते की हा मूठभर श्रीमंतांचा क्लब आहे, कारभार संयुक्त राष्ट्रांकडे द्या. आणि त्याच वर्षी १९ ऑगस्टला भारत त्या 'क्लब'मध्ये सामील झाला, १२ सप्टेंबरला त्याला पूर्ण मताधिकारही मिळाला. कुणी याला दुटप्पीपणा म्हणेल. मला वाटतं यात एक शहाणपण होतं. बाहेर उभं राहून आरडाओरडा करण्यापेक्षा आत जाऊन खुर्ची घेणं. आज अशा मताधिकार असलेल्या देशांची संख्या २९ आहे आणि निर्णय एकमताने होतात. एकानेही ठाम 'नाही' म्हटलं की विषय तिथेच थांबतो.

पर्यावरणाचं नाव, हद्दीचं काम

आता खरा अभ्यासाचा भाग. मालकीवर बोलायचंच नाही असं ठरल्यावर देश कशावर बोलतात? पर्यावरणावर! आणि त्या बोलण्यात मालकीचा सूर हळूच मिसळलेला असतो.

१९८८ मध्ये सदस्य देशांनी अंटार्क्टिकावर खाणकाम कसं करावं याचा एक करार तयार केला होता. पण १९८९ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्स यांनी सही करायला नकार दिला आणि तो बारगळला. त्याच्या जागी ४ ऑक्टोबर १९९१ रोजी माद्रिद येथे पर्यावरण संरक्षणाचा मसुदा मंजूर झाला. १४ जानेवारी १९९८ पासून तो लागू आहे. त्याचं कलम ७ एका ओळीचं आहे. वैज्ञानिक संशोधन सोडून खनिजांशी संबंधित कोणतंही काम करायचं नाही. पर्यावरणाच्या दृष्टीने हा फार मोठा विजय. पण लक्षात घ्या, 'नको' म्हणणारे दोघेही दावेदार देश होते. खाणीचे परवाने द्यायला लागलो की 'परवाना देणारा मालक कोण' हा प्रश्न उघडा पडला असता. झाकलेली मूठ झाकलेली राहिली. निसर्ग वाचला आणि दावेही वाचले.

दुसरं उदाहरण समुद्राचं. २०१६ मध्ये रॉस समुद्रात सुमारे १५.५ लाख चौरस किलोमीटरचं संरक्षित क्षेत्र ठरलं, डिसेंबर २०१७ पासून ते लागू झालं. पूर्व अंटार्क्टिकाजवळही असंच क्षेत्र करावं, असा प्रस्ताव ऑस्ट्रेलिया, फ्रान्स आणि युरोपीय संघाने आणला. चीन आणि रशिया तो वर्षानुवर्षं अडवत आले आहेत. विरोधामागे क्रिल आणि माशांचं अर्थकारण आहे हे उघड आहे. पण प्रस्ताव मांडणाऱ्यांतल्या ऑस्ट्रेलियाचा जुना दावा त्याच किनाऱ्यावर आहे, हेही विसरून चालणार नाही. भारताने २०२१ मध्ये या प्रस्तावाला पाठिंबा जाहीर केला.

तिसरं उदाहरण आपल्या अंगणातलं. 'भारती' ज्या लार्समन टेकड्यांत आहे तिथे चीन, रशिया आणि ऑस्ट्रेलिया यांची केंद्रं शेजारी आहेत. २००७ मध्ये दिल्लीत झालेल्या अंटार्क्टिक बैठकीत हा सगळा परिसर 'विशेष व्यवस्थापन क्षेत्र' ठरला. कोणी कुठे गाडी न्यायची, तळ्यांना हात कसा लावायचा नाही, याचे नियम या देशांनी मिळून केले आणि भारतही त्यात होता. २०१४ मध्ये जवळचं स्टॉर्नेस हे द्वीपकल्प तिथल्या दुर्मिळ खनिजांमुळे 'विशेष संरक्षित' झालं. म्हणजे खनिज आहे म्हणून खणायचं नाही, तर खनिज आहे म्हणून राखायचं! एरवी जगभर एकमेकांशी अडून बसणारे देश इथे एकाच टेबलावर बसून दगडांचं रक्षण करतात, कारण आपण त्या टेबलावर नसलो तर दुसरा नियम करेल हे प्रत्येकाला माहीत आहे.

इंजिनिअरच्या नजरेने 'भारती' बघण्यासारखी आहे. मार्च २०१२ मध्ये सुरू झालेली ही इमारत १३४ शिपिंग कंटेनर जोडून बनवली आहे. बांधण्याआधी सविस्तर पर्यावरण अहवाल सगळ्या सदस्य देशांना वाचायला द्यावा लागतो. आपल्याकडे मोठ्या प्रकल्पाला जनसुनावणी असते. तिथे जनता नाही आणि पेंग्विन हरकत नोंदवायला येत नाहीत, म्हणून त्यांच्या वतीने इतर देश हरकती घेतात.

उत्तरेला गोष्ट वेगळी

काही जण आर्क्टिक आणि अंटार्क्टिका एकाच पानावर शिकतात आणि घोळ होतो. दक्षिणेला समुद्राने वेढलेली जमीन आहे, उत्तरेला जमिनीने वेढलेला समुद्र. तिथे माणसं हजारो वर्षं राहतात आणि जमिनीला मालक देश आहेत. त्यामुळे तिथे सागरी कायदा चालतो. २ ऑगस्ट २००७ रोजी रशियन पाणबुड्यांनी उत्तर ध्रुवाच्या तळाशी टायटॅनियमचा झेंडा रोवला. कायद्याने त्याची किंमत शून्य, पण जगभर खळबळ उडाली. ग्रीनलंड ताब्यात घेण्याची अमेरिकेच्या अध्यक्षांची २०२५ मधली भाषा ऐकल्यावर उत्तरेत मालकीचा प्रश्न किती ताजा आहे ते कळतं.

पण उत्तरेतही एक वेगळा नमुना आहे, स्वालबार्ड. १९२० च्या पॅरिस कराराने ही बेटं नॉर्वेची झाली, मात्र करारातल्या सर्व देशांच्या नागरिकांना तिथे उद्योग-व्यवसायाचे समान हक्क मिळाले. मालकी एकाची, वहिवाट सगळ्यांची. ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून भारताचं नाव त्या करारात आलं आणि २००८ मध्ये आपलं 'हिमाद्री' केंद्र तिथे सुरू झालं. पुढे नॉर्वेने तिथे कडक पर्यावरण कायदा केला. तेव्हापासून रशियाची तक्रार आहे की निसर्गाच्या नावाखाली आमचे हक्क आवळले जात आहेत. म्हणजे उत्तर असो की दक्षिण, पर्यावरणाचा नियम करतो तो हळूहळू घरमालकासारखा दिसू लागतो.

मोहोपाड्याला याचं काय?

'अरे, इथे लाइट जाते, रस्त्याला खड्डे आहेत, तू ध्रुवाचं काय घेऊन बसलास?' असं मित्र म्हणतात. त्यांना माझं उत्तर असं.

एक : आपल्या रसायनीतल्या एचओसी कंपनीत डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड तयार व्हायचं. इस्रोच्या अग्निबाणांतला हा ऑक्सिडायझर. २०१७ मध्ये केंद्र सरकारने रसायनीचे बाकीचे प्लांट बंद करायचं ठरवलं, पण हा प्लांट इस्रोकडे सोपवायचा निर्णय घेतला. पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यात हेच रसायन जळणाला मदत करतं. त्या अग्निबाणाने सोडलेले भूनिरीक्षण उपग्रह ध्रुवांवरून फिरतात आणि त्यांचा डेटा उतरवून घेणारं इस्रोचं एक ग्राउंड स्टेशन 'भारती'वर आहे. ध्रुवीय कक्षेतला उपग्रह जवळजवळ प्रत्येक फेरीत ध्रुवाजवळून जातो, म्हणून तिथली अँटेना सोन्याच्या मोलाची. पण याच कारणाने अशा स्टेशनांकडे इतर देश संशयानेही बघतात : डेटा शेतीचा की लष्कराचा? तपासणीचं कलम म्हणूनच महत्त्वाचं.

दोन : पाऊस. गोव्यात वास्को येथे असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये आर्क्टिकमधल्या कारा समुद्राचं घटतं बर्फ आणि मध्य भारतातला सप्टेंबरचा अतिवृष्टीचा पाऊस यांच्यात संबंध असू शकतो असं मांडलं. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्याच खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तिचं खापर थेट ध्रुवावर फोडणं अशास्त्रीय ठरेल. पण ज्या तालुक्याने पाऊस असा बघितला, त्याने पावसाची मुळं कुठवर जातात हे शिकायला नको का?

तीन, आणि मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं : जबाबदारी. आपली पाताळगंगा बघा. खोपोलीच्या टाटा वीजघरातून सुटलेल्या पाण्यावर ती बारमाही वाहते. तिच्या वाटेत नगरपरिषद आहे, ग्रामपंचायती आहेत, एमआयडीसी आहे. पाण्यावर हक्क सांगणारे पुष्कळ, पण पाणी बिघडलं की प्रत्येकाचं बोट दुसऱ्याकडे! अंटार्क्टिकावर याच्या उलट आहे. तिथे मालक कुणीच नाही, म्हणून जबाबदारी जमिनीला न चिकटता माणसाला चिकटते. भारताने २०२२ मध्ये 'भारतीय अंटार्क्टिक कायदा' केला. त्याप्रमाणे भारतीय मोहिमेतल्या माणसाला परवाना लागतो, आणि त्याने तिथे पक्ष्यांना त्रास दिला, बाहेरची माती नेली किंवा खनिजासाठी ड्रिलिंग केलं तर त्याला भारताचा कायदा लागू होतो, मग जमीन कोणाचीही असो. आपला कचरा आपणच परत आणायचा. हा नियम नदीकाठी लावून बघा, म्हणजे त्याची ताकद कळेल.

२०४८ मध्ये काय होणार?

खाणबंदी २०४८ मध्ये संपणार, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. ते खरं नाही. बंदीला मुदत नाही. मसुदा लागू झाल्याला ५० वर्षं झाली की मताधिकार असलेला कोणताही देश फेरविचाराची बैठक मागू शकतो, एवढंच. बदल लागू व्हायचा तर आजच्या मताधिकारी देशांपैकी तीन चतुर्थांश देशांची मान्यता लागेल आणि १९९१ मध्ये ज्या २६ देशांना मत होतं त्या प्रत्येकाची मान्यता लागेल. त्या २६ मध्ये भारत आहे. म्हणजे १९८१ मध्ये गोव्याहून निघालेल्या त्या जहाजाने आपल्याला नकाराधिकारासारखी गोष्ट मिळवून दिली आहे.

मात्र एक पळवाट आहे. मंजूर झालेला बदल ३ वर्षांत लागू झाला नाही तर एखादा देश दोन वर्षांची नोटीस देऊन बाहेर पडू शकतो. आणि 'जैसे थे' कितीही जुनं झालं तरी ते 'जैसे थे'च. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियाने आपल्या सागरी हद्दीचे कागद संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाला दिले तेव्हा त्यात अंटार्क्टिकाचा भागही जोडला आणि वर 'सध्या याचा विचार करू नये' अशी विनंती केली. नोंद घालायची नाही, पण अर्ज फाईलला लावून ठेवायचा! तलाठी कार्यालयात गेलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आज विशीत असलेले आपण २०४८ मध्ये चाळिशीत असू. निर्णय घेणाऱ्या पिढीत. तोवर 'मैत्री'च्या जागी 'मैत्री-२' उभं करायचं ठरलेलं आहे. गोव्याचं केंद्र दरवर्षी मोहिमांसाठी शास्त्रज्ञांबरोबर इंजिनिअर, जनरेटर आणि गाड्यांचे मेकॅनिक, वेल्डर, स्वयंपाकी यांचीही भरती करतं. निवडलेल्यांना औलीच्या बर्फात ट्रेनिंग असतं. मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलवाल्यांनी कॅम्पसच्या रांगेत उभं राहताना त्या जाहिरातीवरही नजर ठेवावी. उणे तापमानात जनरेटर चालू ठेवणारा हात केंद्र जिवंत ठेवतो, केंद्र जिवंत आहे म्हणून देशाचं मत जिवंत आहे, आणि ते मत आहे म्हणून तिथे खाणीचा पहिला सुरुंग लावायचा की नाही हे ठरवताना भारताला विचारावं लागेल.